आठ वाजताचं बटण

मामा : …आणि हे पत्र कसलं, ताई?

ताई : माझ्या मार्गदर्शक सरांना. दोन वर्षांचं संशोधनाचं काम मागे घेतेय. तुम्ही आधी बसा. डोळ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम तीन आठवडे झाले, तोवर प्रयोगशाळेत हजर!

मामा : घरी सगळे हळू बोलतात, जसं काही कानाचंच ऑपरेशन झालंय. काम मागे का घ्यायचं?

ताई : कण ऐकत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखालच्या पाण्याच्या थेंबात लेसरचा ठिपका पाडला की तेवढंच पाणी तापतं, फिरायला लागतं, आणि बारीक कण ठिपक्यापाशी जमतात. ठिपका सरकवला की मागोमाग यायचे. आता वाटेतच सटकतात. तुम्ही रजेवर गेलात त्या सोमवारपासून.

मामा : सूक्ष्मदर्शक कधी चालू करता?

ताई : नऊला. आल्या आल्या काम सुरू. हल्ली बिघडलं की बंद करून, थंड होऊ देऊन पुन्हा चालू करते; दिवसभर तेच.

मामा : मी असताना तो आठला चालू व्हायचा. मीच करायचो.

ताई : तुम्ही?

मामा : रागावू नका. झाडलोट करणाऱ्यानं यंत्राला हात लावायचा नाही, ठाऊक आहे. पण सुरुवातीला तुम्ही दहापर्यंत चिडचिड करायचात आणि दहानंतर गुणगुणायचात. रोज. म्हटलं, यंत्रालाही सकाळी अंग मोकळं करायला तासभर लागत असेल. म्हणून झाडू घ्यायच्या आधी बटण दाबायला लागलो. मग तुम्ही नऊपासूनच गुणगुणायला लागलात.

ताई : अहो, मला वाटायचं मीच संध्याकाळी बंद करायला विसरते! लाजेनं कुणाला बोलले नाही. गेले तीन आठवडे बंद दिसला, तर म्हटलं, चला, सवय सुधारली.

मामा : आज कधीपासून चालू आहे?

ताई : नऊपासून. पत्र लिहीत बसले, हातच लावला नाही. आता साडेअकरा… थांबा.

(ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावते. ठिपका इकडून तिकडे सरकवून बघते.)

मामा : काय झालं?

ताई : येतायत. सरकवीन तिकडे येतायत. मामा, यंत्राचा अख्खा सांगाडा तापून स्थिर व्हायला तास लागतो, तोवर ठिपकाच हलत राहतो, आणि ते मला कळलं नाही, तुम्हाला कळलं. दोन वर्षं माझं काम तुमच्या त्या एका तासावर उभं होतं. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

मामा : उपकार कसले. ते पत्र तेवढं फाडा.

ताई : फाडलं. या, नव्या डोळ्यानं बघा.

मामा : हं… दिसले. चिमुकले आहेत हो. सरकवा जरा. आले, आले.

ताई : सगळे आले?

मामा : सगळे. आणि ताई, तुम्ही गुणगुणताय.