तार भिंतीत संपत होती

अध्यक्षस्थानी विराजमान निवृत्त न्यायाधीश ग्रेडीसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, ओक्लाहोमाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले माझे अलार्म व्यवसायातले बंधुभगिनी, आणि आजच्या सत्कारमूर्ती, परवाना खात्यातून निवृत्त होत असलेल्या निरीक्षक श्रीमती नादीन फोगलमन,

बाईंनी ज्याला कधीच दंड केला नाही असं इथे कोण आहे, असं विचारलं तर बहुधा फक्त वाढपी हात वर करतील. तरीही सभागृह भरलंय. का? त्यासाठी ओलीटा क्रेब्सबाईंची हकिगत सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे. त्या समोरच बसल्यात, चुकलो तर थांबवतील.

नवरा गेल्यावर ओलीटाबाई ईनिड गावात एकट्याच राहत होत्या. एके दिवशी दारावर एक गोडबोल्या विक्रेता आला. भिंतीवर पांढरी डबी बसवली आणि सांगून गेला, "आजी, आता या तारेच्या पलीकडे आमचा माणूस रात्रंदिवस कान लावून बसलेला असेल." कंपनीचं नाव घेत नाही, ती आता उरलेली नाही.

तक्रार ओलीटाबाईंनी केलीच नाही. ती केली शेजारच्या डेल ओस्टरमननं, तीही आवाजाची. मांजरानं दार ढकललं की भोंगा दुपारभर वाजायचा आणि काय झालं म्हणून विचारायला कुणी फिरकायचं नाही. डेलला फक्त दुपारची झोप हवी होती. जनहिताची कामं पुष्कळदा अशीच सुरू होतात.

नादीनबाई आल्या. मुद्दाम मागचं दार उघडलं. भोंगा सुरू झाला. दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसून कंपनीच्या फोनची वाट पाहू लागल्या. ओलीटाबाईंनी अक्रोडाचा केक पुढे केला; बाईंनी नियमाप्रमाणे नाकारला. फोन काही येईना.

"कामात असतील बिचारे," ओलीटाबाई भोंग्यावर आवाज चढवून म्हणाल्या.

शेवटी बाईंनी डबी उघडली आणि तार धरून मागोवा घेतला. तार भिंतीत शिरत होती आणि तिथेच संपत होती. पलीकडे माणूस नव्हता. परवाना तर नव्हताच. बाईंनी हे सगळं ओलीटाबाईंना नीट समजावून सांगितलं.

ओलीटाबाईंनी डबीकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "मग मी रोज निजताना गुड नाइट कुणाला म्हणत होते?"

 नादीनबाईंनी भोंगा बंद केला आणि खुर्ची जवळ ओढून बसून राहिल्या. केक तेव्हा खाल्ला का, हे मी त्यांचं निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत विचारणार नाही.

पुढे सुनावणी झाली. कंपनीच्या वकिलानं मुद्दा मांडला की घरात चोरी झालीच नाही, तर नुकसान कसलं?

ओलीटाबाई म्हणाल्या, "झाली ना चोरी, साहेब. चोर पुढच्या दारानं आला. मीच त्याला कॉफी दिली."

कंपनीला राज्यात धंदा करायला बंदी झाली.

नवा अलार्म बसवायचं काम माझ्याकडे आलं. ओलीटाबाईंची अट एकच होती: पलीकडचा माणूस आधी दाखवा. म्हणून त्यांना आमच्या नियंत्रण कक्षात आणलं. तिथे माझी मेहुणी जिनीव्हा बसते. ओलीटाबाईंनी तिच्या मुलाबाळांची चौकशी केली, तिच्या खुर्चीत बसून पाहिलं, आणि मगच होकार दिला. आम्ही डबी बसवली, गळ्यात घालायचं बटणही दिलं.

गेल्या हिवाळ्यात, बाहेर बर्फ साचलेला असताना, ओलीटाबाई न्हाणीघरात घसरल्या. त्यांनी बटण दाबलं. डबीतून लगेच आवाज आला, "ओलीटाबाई, मी जिनीव्हा. हलू नका, माणसं निघालीत." रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत ती बोलत राहिली. हाड सांधलं, त्या आज इथे आल्या. नादीनबाई इस्पितळात भेटायला गेल्या, तेव्हा फुलं देण्याआधी त्यांनी बटणाची बॅटरी तपासली.

बाई, आमच्या डब्यांच्या पलीकडे माणूस असतो, याचं बरंचसं श्रेय तुमच्या धाकाला आहे. राज्यातल्या सगळ्या अलार्मवाल्यांतर्फे मनापासून आभार. अध्यक्षमहोदय, आपण वेळ दिलात, सभागृहानं शांतपणे ऐकलं, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर मोठ्या मनानं पदरात घ्यावं. कुणाची लेखी हरकत असेल, तर नवे निरीक्षक सोमवारी रुजू होत आहेत.