भोकाचा पैसा

गोदूबाई : ...सांगून सांगून जीभ झिजली, पण माझा पोरगा मारुती ऐकेल तर शपथ! छत्री घे म्हटलं की मुद्दाम उन्हात जाणार.

रतन : आज माझं ऐकलं म्हणजे बस, काकी. जीपच्या मागच्या चाकांमधल्या गोळ्यात नवे गिअर घातलेत. त्याला बजावलंय, हळू हाक, वाटेत रायते गावाला नदीकाठी थांब, गोळा हात लावून बघ, तापला असला तर निवू दे. नवे दात एकमेकांना सरावायला नकोत?

गोदूबाई : नव्या सुनेसारखंच म्हण की! पण माझ्या लेकीचे, मालनचे दिवस भरलेत रे. डोंगरातलं ते सासरचं गाव, बैलगाडीत तिचे हाल होतील. आज तिला कल्याणच्या दवाखान्यात आणायलाच हवं.

रतन : आणेल हो. गिअर एकदम मस्त बसलेत.

गोदूबाई : बसणारच! पूजा केलीय मी त्यांची.

रतन : कधी?

गोदूबाई : काल. तू तेल आणायला गेलेलास, झाकण उघडंच होतं. हळदकुंकू वाहिलं.

रतन : वाहिलं तर वाहिलं. तेलात जाईल विरघळून.

गोदूबाई : आणि पैसा ठेवला.

रतन : बॉनेटवर?

गोदूबाई : बॉनेटवर कशाला? आत! घराच्या पायात घालतो तसा. जपून ठेवलेला भोकाचा पैसा होता. कुणी उचलू नये म्हणून पार तळाशी सरकवला.

(रतनच्या हातातला पाना खाली पडतो.)

रतन : आत? काकी, आत? अहो, वरून मी झाकण लावलं!

गोदूबाई : असा ओरडतोस काय? एवढासा तर पैसा...

रतन : तेलाबरोबर तो वर येणार. दातांत सापडला की दात तुटणार, मागची चाकं जागच्या जागी अडकणार. उतारावर! मालन गाडीत असताना!

गोदूबाई : अगं आई गं... माझ्याच हातानं... रतन, काहीतरी कर रे!

रतन : बसा तिथे. गिऱ्हाइकाची फटफटी आहे, तीच घेऊन जातो. आत्ताच तर निघालाय. रायत्याला थांबलेला सापडेल.

गोदूबाई : नाही थांबायचा.

रतन : का?

गोदूबाई : मी शपथ घातलीय त्याला. माझ्या गळ्याची. पोरीला घेऊन येईपर्यंत वाटेत कुठे थांबायचं नाही म्हणून.

(रतन फटफटीला किक मारतो.)

गोदूबाई : जा रे तू, जा लवकर! मारुती, जन्मात कधी ऐकलं नाहीस माझं. आज तेवढं ऐकू नकोस रे बाळा.