घुमटावरचा चुना

हैदराबादच्या गाडीची वाट बघत मी औरंगाबाद स्टेशनावर बसलो होतो. शेजारच्या बाकावर एका तरुणानं चित्राची गुंडाळी उलगडली आणि तो बहिणीवर ओरडलाच.

“अजरा! मकबऱ्याच्या घुमटाला हे काय फासलंय?”

“चुना, भाईजान. घुमट कोराच राहिला होता.”

“राहिला नव्हता, ठेवला होता! पाण्याच्या रंगात पांढरं लावत नसतात. कागद ओला करून भवताली आभाळ पसरायचं अन् घुमटाला कागदच सोडायचा!”

“मला काय ठाव?”

“उद्या इम्तिहानात हे दाखवू? दे ते ओलं फडकं, पुसतो.”

“आभाळ पण निघंल की.”

“निघू दे! तुला हात लावायला सांगितलं कुणी?”

“मी कुठं लावला? अब्बांनी लावला.”

“अब्बांनी? माझी रंगाची पेटी आडात टाकणाऱ्या अब्बांनी?”

“व्हय. लई वेळ बघत बसले. म्हणले, पोरगं घाईत अर्धंच सोडून चाललंय, नापास करतील त्याला. मग पानदानातला चुना घेतला अन् बोटानंच फिरवला.”

त्यानं चित्र उजेडाकडं धरून घुमटावरचे बोटाचे फराटे पाहिले.

“भाईजान, हे घ्या फडकं.”

“राहू दे. गुंडाळी हळू कर. चुना झडंल.”