सतरा नंबरचं फडकं

बहीण : कोचच्या त्या पत्राला तू सोळा वर्षांत उत्तर दिलं नाहीस, ते बरंच केलंस. मी असते तर शिव्यांनी चार पानं भरली असती.

भाऊ : पाय प्लास्टरमध्ये टांगलेला होता, ताई. शिव्याही सुचत नव्हत्या.

बहीण : पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवलं मेल्यानं. पत्ता ठाऊक होता, मग भेटायला यायला काय झालं होतं? शेवटचं वाक्य काय होतं ते?

भाऊ : ‘काही शंका असल्यास कळवावे.’

बहीण : शंका म्हणे. तीन वर्षं तुला या क्लबला उसना दे, त्या क्लबला उसना दे. उसनी नेलेली वाटीसुद्धा लोक मानानं परत करतात. मग म्हणाला, यंदा तूच माझा स्ट्रायकर. त्याच्या शब्दावर तू वरच्या क्लबला नाही म्हणालास. आणि त्याच्याच सरावात पाय मोडला, तर आठवड्याच्या आत नारळ.

भाऊ : जरा हळू दाब.

बहीण : हळू दाबून उद्या धावशील कसा? गुडघा बघ, पावासारखा फुगलाय.

भाऊ : धावायचं नाहीच आहे. शेवटची वीस मिनिटं उतरवणार आहेत मला. बॉल येईल तिथे आधी जाऊन उभं राहायचं. नऊ क्लब फिरून तेवढंच शिकलो.

बहीण : तेवढंच कसं? त्या एका क्लबात गोलाची जाळीही तूच बांधायचास ना?

भाऊ : आणि मॅच संपली की सोडून घरी न्यायची. चोरीला जायची.

बहीण : वरच्या क्लबला गेला असतास तर जाळ्या बांधायला माणसं असती. असो. उद्या तुमच्याकडून हरले, तर तो कोच आणि त्याचा क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार ना?

भाऊ : हरले तरच. बरोबरी झाली तरी वाचतात.

बहीण : आणि तुमचं?

भाऊ : आमचं वर नाही, खाली नाही. माझी मात्र शेवटची मॅच.

बहीण : इतकी वर्षं ते वर आणि तू खाली, गाठच पडली नाही. आता उतरत उतरत तुझ्या दारात आलेत. सोडू नकोस.

भाऊ : गुडघ्यात सुई कशासाठी घेतली मग?

बहीण : गोल केलास की सरळ त्याच्या बाकासमोर जाऊन नाच.

भाऊ : जुन्या क्लबविरुद्ध गोल केला की नाचत नाहीत. हात खाली ठेवायचे असतात. रिवाज आहे तो.

बहीण : रिवाज माणसांशी पाळायचे. त्यांच्याकडच्या तुझ्या शर्टानं मी सोळा वर्षं लादी पुसतेय, ती काय उगाच?

भाऊ : अजून टिकलाय तो?

बहीण : कापड चांगलं होतं. माणसं भिकार.

(तीन दिवसांनी. पोस्ट ऑफिसातली रांग. भावाच्या हातात कागदात बांधलेलं पुडकं.)

बहीण : तुझ्या एका गोलानं अख्खा क्लब खाली गेला, आणि चेहरा बघ, जसा काही तूच हरलायस. कॉर्नरवर तू डोकं लावलंस तेव्हा मी शेजारणीचा हात पिरगळला. अजून बोलत नाही ती माझ्याशी.

भाऊ : रांग सरकतेय. पुढे हो.

बहीण : आणि त्याच्यासमोर हात खाली सोडून खांबासारखा उभा काय राहिलास?

भाऊ : त्यानं मला नीट बघावं म्हणून.

बहीण : मग बघितलं की. मॅच संपल्यावर हात मिळवायलाही आला. काय म्हणाला? दोन दिवस विचारतेय मी.

भाऊ : म्हणाला, सुरेख हेडर. या वयात इतकं छान उडतोस, तरुणपणी शिकलास कुणाकडे?

बहीण : म्हणजे?

भाऊ : ओळखलं नाही मला.

बहीण : मग तू सांगायचंस ना, तुझ्याकडेच म्हणून.

भाऊ : सोळा वर्षं झोपताना मी त्याचा चेहरा बघत आलो, ताई. आणि त्याच्या लेखी मी कधी नव्हतोच.

बहीण : म्हातारा झालाय रे तो. आणि काल क्लबनं त्यालाही काढला म्हणतात. चल, घरी जाऊ. पडलेल्याला काय मारायचं?

भाऊ : मी पडलेलाच होतो. पाय वर टांगून.

बहीण : मग त्याला शर्ट धुऊन तरी पाठवायचास. कागदातूनही फिनेलचा वास येतोय.

भाऊ : येऊ दे.

बहीण : आत काय लिहिलंयस?

भाऊ : ‘आपलं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. शंका काही नाही.’

बहीण : आणि खाली नाव?

भाऊ : नाव नाही. शर्टावर सतरा नंबर अजून दिसतोय. बसू दे आठवत. आता त्याला वेळच वेळ आहे.

कारकून : पुढे या. आत काय आहे?

भाऊ : कापड.

कारकून : नवं?

बहीण : लादी पुसायचं.

कारकून : बाई, लादी पुसायचं फडकं कुणी रजिस्टर करून पाठवतं का?

भाऊ : पोचल्याची सही हवी. त्याच्याच हातची.

कारकून : मग पाठवणाऱ्याचं नाव कुठंय? इथे नुसता सतरा लिहिलाय. सतरा म्हणजे काय, घर नंबर?

भाऊ : तेवढ्यावर जाणार नाही?

कारकून : नंबरावर काही जात नाही, साहेब. पूर्ण नाव लागतं.

बहीण : लिही रे. सही करण्याआधी एकदा वाचू दे त्याला.

भाऊ : पेन द्या.

कारकून : अहो, हळू. कागद फाटेल. हं. झालं. पावती घ्या.

बहीण : गेलं एकदाचं. पण उद्या मी लादी कशानं पुसू?

भाऊ : परवाचा शर्ट घे. आता लागणार नाही मला.

बहीण : तो नको. तो मी धुऊन, इस्त्री करून ठेवलाय.