चिंचणाई तलावाच्या तोंडावरचे तीन खांब

मी धोंडीराम दत्तू कुरणे, वय ५४ वर्षे, शिक्षण आठवी, धंदा वेल्डिंग व फॅब्रिकेशन, राहणार उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर. आज दि. १५/०१/२०२५ रोजी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगतो ते असे :

नुसते 'धंदा' लिहून भागत नाही, म्हणून माझ्या हाताने केलेली कामे आधी घ्यावीत. माझ्या दुकानाचे छत आणि शटर. पाइप वाकवायचे हातयंत्र. मुरूम-खडीच्या वाटेवर चालणाऱ्या चार सायकली, त्यांतली एक माझी आणि एक मयत भूपाल आदगोंडा मगदूम यांची. त्या सायकलींचे तीनकोनी डोक्याचे बोल्ट, आणि ते फिरवायचा पाना, जो जगात एकच आहे व माझ्या दुकानात खिळ्याला असतो. आणि चिंचणाई तलावाच्या तोंडावरचे तीन खांब. यातले काही मी कोणाकडे शिकलो नाही. बघून शिकलो, हात भाजून घेऊन शिकलो.

साहेबांनी खांबांना 'गेट' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. गेट उघडते. हे उघडत नाही.

सदर तलाव पाणपक्ष्यांसाठी राखीव आहे. त्याला वेढा घालणारी मुरुमाची वाट सात किलोमीटर आहे. आत जायचे तोंड एकच. बाकी सगळीकडे चर आणि पाणथळ. पूर्वी तोंडावर साखळी व कुलूप होते. एका किल्लीच्या अकरा किल्ल्या झाल्या. ज्याच्या खिशात किल्ली त्याची जीप आत, मागे पाव्हण्यांची गाडी, मागे ट्रॅक्टर. टिटवीची अंडी चाकाखाली जात. तलाव समितीने मला विचारले तेव्हा मी सांगितले, कुलूपच नको. चार इंची पाइप, आत वीस एमएमची सळी, वरपर्यंत काँक्रीट, जमिनीखाली तीन फूट. दोन खांबांत अंतर बावीस इंच. माझी सायकल हँडलसकट जाते, मोटरसायकल जात नाही. तेव्हापासून आत इंजिनाचा आवाज नाही. सायकल चालवताना टायरखालची खडी ऐकू येते. हे मी ऐकलेले नाही, केलेले आहे.

मयत यांचे राजारामपुरीत हार्डवेअरचे दुकान आहे. खांबांचे पाइप त्यांच्याकडूनच घेतले. आमची ओळख बावीस वर्षांची. मी त्यांना अण्णा म्हणायचो, ते मला मिस्त्री. दर रविवारी आम्ही दोघे तलावाला फेरी मारायचो. फटीतून सायकल काढताना ते पोट आत घेऊन म्हणत, "मिस्त्री, ह्यातनं जायचं म्हंजे मला पर्युषण वर्षातनं दोनदा करायला पायजे."

दि. १२/०१/२०२५ रोजी सकाळी सातला आम्ही आत गेलो. तोंडापासून साडेतीन किलोमीटरवर एक चढ आहे. चढावर मयत मागे पडले. ते नेहमीच मागे पडत, कारण त्यांना चालवता चालवता बोलायचे असे. बोलणे ऐकू येईना म्हणून मी वळून पाहिले. सायकल बाभळीला टेकवून, मी शिकवले होते तसे पॅडल वर घेऊन, ते खाली बसले होते.

मी म्हणालो, "काय झालं अण्णा?"

"काय न्हाय. छातीवर कोणतरी बसल्यागत व्हतंय. चढ जरा ज्यादाच केलाय तुम्ही."

"चढ मी न्हाय केला."

"मग तेवढंच ऱ्हायलंय म्हणा की तुमचं करायचं."

थंडी असून त्यांचा शर्ट भिजला होता. तिथे मोबाईलला रेंज येत नाही. माझ्या सायकलीला कॅरिअर नाही. वजन वाढते म्हणून मी ठेवत नाही. मयत म्हणाले, "जावा तुम्ही. मी हितंच हाय, कुठं जातोय." मी त्यांचे हेल्मेट काढून त्यांच्या मांडीवर ठेवले व निघालो.

तोंडाशी रेंज आली. एकशेआठला फोन केला, नंतर मयत यांची मुलगी सोनल हिला केला. रुग्णवाहिका यायला वीस मिनिटे लागली. मी परत मयत यांच्याकडे का गेलो नाही असे विचारले. गाडीला आतली वाट दाखवायला थांबलो. त्या वीस मिनिटांत खांबांचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मी मधल्या खांबाला टेकून उभा होतो.

गाडी आली. ड्रायव्हरने काच खाली करून सांगितले, "पावणं, उघडा की."

मी सांगितले, "उघडत न्हाय."

"किल्ली कुणाकडं हाय?"

"किल्लीच न्हाय त्याला."

"मग कुठल्या शान्यानं केलंय हे?"

मी सांगितले, "मी."

गाडीतल्या डॉक्टरबाई आणि त्यांचा मदतनीस स्ट्रेचर घेऊन पायी निघाले. मी बाईंना माझी सायकल देऊ केली. त्यांचे पाय पॅडलला पोचले नाहीत. सीट खाली करायला पाना लागतो. पाना दुकानात होता.

दुधाच्या फेरीवर असलेला गवळी जोतीराम गाडी अडलेली बघून थांबला व शेजारच्या वस्तीवरून पहार घेऊन आला. मी त्याला सांगितले, पहारेने निघणार नाही. तरी त्याने घाव घातले. रंगाचा पोपडा निघाला. खांब हलला नाही. काम तसेच केलेले आहे.

तेवढ्यात सोनल स्कूटीवरून आली. तिची गाडीही खांबापाशी थांबली.

"काका, पप्पा कुठं हायत? हे काढा की आधी!"

"निघत न्हाय बाळ."

"तुम्हीच केलंय नव्हं?"

ती फटीतून आत पळत गेली. ड्रायव्हरने गाडीतून काढून दिलेली बाईंची बॅग हँडलला अडकवून मी पुढे निघालो. वाटेत मदतनिसाला, बाईंना आणि सोनलला मागे टाकले. मला थांबता आले नाही.

मयत बाभळीला टेकून बसलेले होते. हेल्मेट मांडीवर होते. तोंड पाण्याकडे होते. मी हाक मारली. हात हातात घेतला. बॅग उघडली, पण त्यातले काय कशासाठी असते ते मला माहीत नव्हते. हे कोणी शिकवल्याशिवाय येत नाही.

बाई बऱ्याच वेळाने धापा टाकत पोचल्या. त्यांनी छाती दाबली, यंत्र लावले. मग घड्याळ बघितले. गाडी इथवर आली असती तर काही झाले असते का, असे मी विचारले. बाई म्हणाल्या, "आता नका विचारू."

मदतनीस, मागून चालत आलेले जोतीराम व ड्रायव्हर आणि मी असे चौघांनी स्ट्रेचर उचलून आणले. सोनल बाजूने चालत होती. खांबांपाशी आल्यावर स्ट्रेचर बावीस इंचातून जाईना. खांब साडेतीन फूट उंच आहेत. डोक्यावर धरून वरून पलीकडे द्यावे लागले.

माझी कोणावर तक्रार नाही. अंत्यविधीला मी मागे उभा होतो. मयत यांची सायकल अजून बाभळीलाच आहे, पंचनाम्यात आलेली नाही, ती घ्यावी. पुढचा ब्रेक डावीकडे आहे, कारण त्यांचा उजवा अंगठा अधू होता.

समितीने खांब काढायला सांगितले आहे. दुसऱ्या कोणाला ते जमणार नाही. काल दिवसभर जनरेटरवर ग्राइंडर चालवला. लोखंड कापायच्या चाकत्या संपल्या. पहिला खांब अजून उभा आहे.

वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवला. मापे बरोबर आहेत, बोलणे मी सांगितले तसेच आहे. मात्र एक गोष्ट सुटली आहे. ती घेतल्याशिवाय मी सही करणार नाही, सबब ती खाली घ्यावी.

खांब पुरण्याच्या आदल्या दिवशी मी पाइप न्यायला मयत यांच्या दुकानात गेलो होतो. पाइप मोजून देताना ते म्हणाले, "मिस्त्री, मधला तेवढा निघणारा करा की. खाली जमिनीत पाइपाची बाही बसवू, खांब तिच्यात उतरंल, वर कडी. किल्ली एकच, ती तुमच्याजवळ ठेवा. कुणाला कधी गरज लागली तर?" मी म्हणालो, निघतो तो खांब नव्हे. ते म्हणाले, "समितीला सांगू नका, पैसे मी घालतो." बाही, कडी आणि पितळी कुलूप त्यांनी काउंटरवर काढूनही ठेवले होते. मी ते परत फळीवर ठेवायला लावले. किंमत त्यांनी सांगितली होती. एकूण रुपये दोन हजार चारशे.