चोपडा स्टेशनचा सिग्नल

जळगावच्या बसस्थानकात चोपड्याची गाडी लागायची होती. शेजारच्या बाकावर एक वयस्कर गृहस्थ आणि लॅपटॉप उघडून बसलेली त्यांची पुतणी.

“दिपमाला, हे काय शे?”

“रेल्वेचा गेम आहे, नाना. रूळ, सिग्नल, वरच्या तारा, सगळं आपणच बसवायचं.”

“हे सिग्नल आपल्याकडचे नाही वाटत.”

“इंग्लंडचे आहेत. तारांचे खांबसुद्धा तिकडचेच. गाव मात्र मी आपलं टाकलं.”

“हो, पाटीवर चोपडा लिहिलंय! मग गाडी अशी उभी का?”

“माझंच चुकलं. कुठला सिग्नल कुठल्या रुळाचा, ते जोडून द्यावं लागतं. मी नुसता खांब रोवला, जोडायचं राहिलं. म्हणून तो लालच राहतो. आता जोडते, की हिरवा होईल आणि गाडी निघेल.”

“थांब, थांब. ड्रायव्हर कटकट करतो का?”

“नाही हो. हिरवा होईपर्यंत गुपचूप उभा राहतो.”

“मग घाई नको करू. माझ्या आज्यापासून सगळे म्हणताहेत, चोपड्याला रेल्वे येणार. आता आली शे, तर उभी राहू दे जरा.”