हौदाच्या वळणावर माझा उजवा पाय

हसा, हसा! बेकरीत पाव घ्यायला गेलं की बेकरीवाली हसते, पोस्टात गेलं की पोस्टातली पोरं हसतात, आणि काल तर चर्चमधून बाहेर पडताना खुद्द पाद्री माझ्या बुटाकडे बघून म्हणाले, "काय आन्सेल्म, उजवा पाय कसा आहे?" पाद्रीसुद्धा! मग तुम्हीच कशाला मागे राहता, हसून घ्या. पण हसून झालं की एवढंच सांगा... माझ्या जागी तुम्ही असता तर तुमचा पाय जागेवर राहिला असता? नाही, छातीवर हात ठेवून सांगा!

तुम्हाला सांगतो, आमच्या गावच्या घाटचढणीच्या शर्यतीचे फोटो गेली एकोणीस वर्षं मी काढतोय. नदीपासून वरच्या पठारापर्यंत एकेक गाडी सुटते, जिची वेळ कमी ती पहिली. आणि पुढच्या वर्षीच्या पोस्टरवर जो फोटो छापतात ना, तो दर वर्षी मी काढलेला. कुठे काढलेला? धुण्याच्या हौदाच्या वळणावर. कारण तिथे गाडी जवळजवळ आल्या वाटेला तोंड करते, मागचं चाक हौदाच्या कठड्याला पुसटसं शिवून जातं, आणि तो क्षण पकडायचा तर रस्ता पोटात असावा लागतो. माझ्या आहे. तीस वर्षं त्याच रस्त्यावर टपालाची पिवळी गाडी चालवलीय मी. कुठल्या वळणाला कुठला गिअर, झोपेत विचारा.

आणि म्हणूनच, आठवडाभर गाडी हाणून कंटाळा यायचा म्हणून, रविवारी चाक सोलांजच्या हातात. सोलांज म्हणजे आमची बायको. ती चालवायची, मी शेजारी. शेजारी म्हणजे आपलं... मदतीला! "अगं, हळू! दुसरा टाक, दुसरा! समोर गाय आहे!"

"कुठाय गाय?"

"असेल!"

आता काळजी म्हणून माणूस बोलतो, त्यात काय चुकलं? माझ्या बाजूच्या रबरी चटईला भोक पडलंय, बरोबर उजव्या पायाखाली, इतकी वर्षं मी तिथे नसलेला ब्रेक दाबतोय. आणि सोलांजचा वेग काय म्हणाल? एकदा चढावर मागून शववाहिका आली, तिने दोन मिनिटं वाट पाहिली आणि हॉर्न देऊन पुढे गेली. आतल्या मेलेल्या माणसाला घाई, आणि आम्हाला नाही! तर माझं पक्कं मत झालं होतं, बाई गुणी आहे, मसुराची उसळ करावी तर तिनेच, पण गाडी चालवणं तिच्या रक्तात नाही. चाळीस वर्षं शेजारी बसलोय मी तिच्या, मला नाही कळणार?

बरं, गेल्या वसंतापासून ती दर गुरुवारी चर्चच्या गायनाच्या तालमीला जायला लागली. चांगलंय, म्हटलं, गावं. परत आली की अंगाला पेट्रोलचा वास यायचा. मी काय समजलो माहितेय? चर्चमधली शेगडी बदलली असेल! हसू नका हो. तुमच्या बायकोच्या अंगाला पेट्रोलचा वास आला तर तुम्ही काय समजाल?

शर्यतीच्या दिवशी सकाळी तिने मला टोपली भरून दिली. वाळवलेलं सॉसेज, उकडलेली अंडी, चीज, अक्रोडाचा टार्ट आणि वर स्वेटर. "तू हो पुढे," म्हणाली. "मी खाली रेजिसकडे थांबते, त्याला मदत लागेल." रेजिस म्हणजे माझा मेव्हणा, त्याचं गॅरेज आहे, आणि एक बुटकी निळी गाडी आहे जी तो दर वर्षी शर्यतीत पळवतो. मी कॅमेरा घेऊन निघालो तर हा बॉनेटखालून डोकं काढून म्हणतो, "दाजी, या वर्षी गाडी आम्ही दोघांत घेतलीय बरं का. आधी मी चढणार, मग आपला एक नवशिका. त्याचे फोटो काढत बसू नका, लाजतो बिचारा." आता एका गाडीत पाळीपाळीने दोघांनी चढणं आमच्याकडे नेहमीचंच, त्यात मला काय वावगं वाटणार? म्हटलं, बरं झालं, तेवढ्यात मी दोन घास खाईन.

आणि खाल्ले! सकाळी सरावाच्या दोन चढणी झाल्या. पहिल्या वेळी निळी गाडी नवशिक्याला घेऊन वळणावर आली तेव्हा मी पाठ करून अंडं सोलत होतो. दुसऱ्या वेळी चीज कापत होतो. माझ्या शेजारी इव्हों उभा. हा खालच्या गावचा दातांचा डॉक्टर, त्याचा कॅमेरा वासराएवढा, पण तोवर एक पोस्टर त्याच्या नशिबी आलं नव्हतं, म्हणून माझ्या खांद्याला खांदा लावून उभा राहायचा. तो म्हणाला, "आन्सेल्म, नवशिका वळण झकास घेतोय रे!"

मी तोंडात चीज धरून म्हणालो, "नवशिक्यांना भीती नसते, कारण अक्कल नसते."

हे मी म्हणालो. माझ्या तोंडाने. आणि त्या इव्होंला शब्द न् शब्द पाठ आहे!

जेवणानंतर खरी शर्यत. दोन चढणी, जी चांगली ती धरायची. पहिलीला रेजिस गेला, बरा गेला. मग नवशिका आला, मी टार्टवर होतो. नुसता आवाज ऐकला, आणि तो ऐकून, खोटं कशाला बोलू, घास क्षणभर थांबला. कोण आहे हा पोरगा? तेवढ्यात झाडावरच्या कर्ण्यातून वेळ सांगितली. रेजिसपेक्षा फक्त अर्धा सेकंद जास्त! लोक टाळ्या वाजवायला लागले. म्हटलं चला, गाड्या खाली येताना बघू तरी पोरगा कोण आहे.

कारण वर गेलेल्या गाड्या नंतर सगळ्या रांगेने सावकाश खाली येतात. हेल्मेट काढलेलं, काचा खाली, हात बाहेर, आम्ही दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवतो, वरात निघाल्यासारखं असतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला. हिरवी गाडी गेली, पांढरी गेली, निळी आली... आणि खिडकीतून एक हात बाहेर आला. त्या हातात लाल खड्याची अंगठी. मी म्हटलं, अरे, आमच्या आईची अंगठी या पोराकडे कशी?

आणि मग चेहरा आला.

सोलांज!! केस चपटे झालेले, गाल लालबुंद, अंगात रेजिसचा मळका डगला, आणि हसतेय! तुम्हाला सांगतो, लग्नाच्या दिवशीसुद्धा ती अशी हसली नव्हती, आणि लग्नाच्या दिवशी ती पुष्कळ हसली होती. गाडी माझ्यासमोरून पावलापावलाने चालली, मी दगड, कॅमेरा डोळ्याला तसाच, बोट बटणावर तसंच, आणि ती काय म्हणाली? चाळीस वर्षांच्या नवऱ्यापासून एवढं लपवून, त्या घाटात तसली गाडी हाणून, ती म्हणाली, "आन्सेल्म, जेवलास का?" आणि गेली खाली! चाळीस वर्षं शेजारी बसलोय हो, आणि मला कळलं नाही!

मी टार्ट टाकला नि निघालो उतारावर. थांबवायलाच हवं! अजून एक चढण बाकी होती ना! तर समोर झेंडेवाली जोझियान, माझ्याच वर्गातली, पिवळा झेंडा आडवा धरून उभी. "रस्ता बंद आहे."

"जोझियान, गाडीत माझी बायको आहे!"

"माहितेय."

"माहितेय? तुला माहितेय?"

"अरे, सगळ्या गावाला माहितेय. गुरुवारी गायनाची तालीम कधी असते का? मंगळवारी असते."

घ्या! म्हणजे बेकरीवालीला माहीत, पोस्टात माहीत, शर्यत बघायला आलेल्या परगावच्या कुत्र्यांनासुद्धा माहीत असेल, आणि नवरा सॉसेज कापत बसलाय! मी हात जोडले. म्हटलं, तुझ्या त्या वॉकी-टॉकीवरून खाली निरोप दे, पुढची चढण रद्द कर म्हणावं, दुसरा गिअर वेळेवर टाकत नाही ती, मला माहितेय. जोझियानने दिला निरोप. आणि ते वॉकी-टॉकी घाटातल्या प्रत्येक वळणावर वाजतं हे माझ्या लक्षातच आलं नाही! वरपासून खालपर्यंत सगळ्या झेंडेवाल्यांनी ऐकलं, "आन्सेल्म म्हणतो, बायको दुसरा गिअर वेळेवर टाकत नाही." मग खरखर झाली, आणि खालून सोलांजचा आवाज. शांत. अगदी भाजीवाल्याशी बोलावं तसा.

"त्याला सांगा, स्वेटर घाल, वारा सुटलाय. आणि सांगा, रेजिसने गाडी विकलीय, उद्या घेऊन जाणारेत. ही माझी शेवटची चढण. मला चषक नको, काही नको, हौदाच्या वळणावरचा एक फोटो हवाय. त्याने काढलेला."

आता बोला. जोझियान माझ्याकडे बघतेय, इव्हों बघतोय, पेंढ्याच्या गठ्ठ्यांवर बसलेली म्हातारी मंडळी बघतायत. एकोणीस वर्षं लोकांच्या नवऱ्यांचे, लोकांच्या पोरांचे फोटो काढले मी, आणि दिवसभरात तीनदा माझी स्वतःची बायको माझ्या पाठीमागून गेली, अंडं, चीज, टार्ट! मी स्वेटर घातला. निमूटपणे घातला. कॅमेरा नीट केला, जागा धरली, इव्होंला दोन हात मागे ढकललं. म्हटलं, आन्सेल्म, जन्मातले सगळे फोटो चुकव, पण हा चुकवू नकोस.

सुटली! खालच्या पुलापाशी आवाज ऐकला. लाकडाच्या वखारीपाशी तिसरा... बरोबर. सरळ पट्ट्यावर चौथा... अगं चौथा कशाला! आता कमी कर, सोलांज, कमी कर, इथे मी टपालाची गाडी सायकलच्या वेगाने न्यायचो गं... दिसली! निळी! सरळ माझ्याकडे! दुसरा टाक! दुसरा टाक! समोर हौद आहे! आणि या वेळी, देवाशप्पथ, समोर खरोखरच हौद होता!

मग काय झालं मला नाही माहीत. टायर किंचाळले, खडी माझ्या नडग्यांवर आली, जळक्या रबराचा वास आला, आणि लोकांनी असा काही गलका केला की मला वाटलं, संपलं सगळं. डोळे उघडले तेव्हा मला कळलं की ते मिटलेले होते. पेंढा जागेवर. हौद जागेवर. रस्ता रिकामा. निळीचा आवाज पठाराकडे चाललेला. कर्णा ओरडत होता, "सोलांज! भावाला मागे टाकलं!" मी कॅमेऱ्यात बघितलं. फोटो एकच होता. अर्धं आकाश, आणि एका झाडाचा शेंडा. शेंडा मात्र अगदी स्पष्ट.

बायकांमध्ये पहिली आली म्हणून तिला चषक दिला, वर एक अख्खी मांडी दिली खारवलेल्या डुकराची, ती स्वयंपाकघरात टांगलीय. रेजिस अजून तिच्याशी धड बोलत नाही. संध्याकाळी घरी जाताना गाडी तिनेच चालवली. मी शेजारी. हळू म्हणायची सोय राहिली नव्हती. शेवटी सांगून टाकलं, "सोलांज, फोटो आला नाही. मला फार वाईट वाटतंय. मी घाबरलो." तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी म्हटलं, "दोन्ही हात चाकावर ठेव!" तोंडातून गेलंच हो!

आणि गेल्या आठवड्यात या वर्षीचं पोस्टर लागलं. इव्होंचा फोटो! मागे निळी गाडी, पुढचं एक चाक हवेत, हौदाला बोटभर अंतर ठेवून, काय सुंदर वळण घेतलंय, माझ्यासारख्या माणसाने तरी नाकारू नये. आणि पुढे, पोस्टरचा निम्मा भाग व्यापून, मी. स्वेटरमध्ये. डोळे घट्ट मिटलेले, तोंड उघडं, कॅमेरा आभाळाकडे, आणि उजवा पाय... गुडघ्यातून ताठ, टाच उचललेली, चवडा गवतात रुतलेला. सगळ्या तालुक्याला दिसावं, की माणूस ब्रेक दाबतोय!

मी सोलांजला बेकरीत गाठलं. पोस्टरसमोर उभी होती, पाव काखेत. म्हटलं, आता ऐकायचं. एकच फोटो मागितला होता तिने, तो मी चुकवला, आणि जो आला त्यातही निम्म्या जागेत मी घुसलोय. म्हटलं, "बघ ना, तुझ्या एवढ्या सुरेख वळणाची मी वाट लावली."

ती म्हणाली, "वाट कसली? त्या वळणावर मी ब्रेक मारलाच नाही. समोर बघितलं तर तू पाय दाबून उभा. म्हटलं, हा मारतोय ना, मग मी कशाला मारू?"

सगळी बेकरी ऐकत होती. चाळीस वर्षं शेजारी बसलोय मी तिच्या... तडक रेजिसच्या गॅरेजात गेलो आणि माझ्या बाजूला घालायला नवी चटई घेऊन आलो. जाड बघून.